एक मिनिट आणि एक शिट्टी

आमच्या साडूंनी आयुष्यात एकाही मुलाला एकही धडा शिकवलेला नाही, आणि तरीही लोणावळ्यापासून वडगावापर्यंत जे जे कोणी आज डॉक्टर किंवा इंजिनिअर म्हणून मिरवतात त्यांतले निम्मेअधिक लोक आपले गुरू म्हणून त्यांचंच नाव सांगतात. उरलेल्यांपैकी दोघे माझं नाव घेतात. त्यांतला एक माझा सख्खा भाचा आहे. मी इथल्या कॉलेजात एकतीस वर्षं अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवलं, प्रवेश परीक्षांसाठी पहाटेचे जादा तास घेतले, खडूच्या धुळीने छातीची वाट लावून घेतली. रस्त्यात भेटलेला माजी विद्यार्थी मला लांबूनच नमस्कार करतो आणि साडूंच्या मात्र पाया पडतो. हे मी केवळ माहितीसाठी सांगतो आहे. तक्रार नाही.

साडू हे नातंच मुळात विचित्र. भाऊ नाही, मित्र नाही. दोन परक्या पुरुषांनी एकाच घरात जावई म्हणून जेवायला बसावं, एवढाच काय तो संबंध. त्यातून आमचे साडू थोरले, म्हणजे पंक्तीत पहिला मान त्यांचा. ते मूळचे कामशेतच्या आतल्या एका गावचे. घरी भातशेती, पण यांनी शिकून नाव काढावं म्हणून वडिलांनी बारावी सायन्सपर्यंत रेटलं, आणि यांनी पुढे खंडाळ्याच्या घाटात रेल्वेच्या केबिनमध्ये सिग्नलचे लिव्हर ओढण्यात पस्तीस वर्षं काढली. निवृत्तीनंतर ते लोणावळ्यात आमच्याच गल्लीत राहायला आले. सगळी मुलं त्यांना भाऊ म्हणतात, म्हणून मीही भाऊ म्हणतो. ते मला मास्तर म्हणतात. मी प्राध्यापक होतो हे त्यांना मी दोनदा सांगून पाहिलं आहे.

पोचणं हा त्यांचा विषय. ते लग्नाला मुहूर्ताच्या आधी पोचत नाहीत, मांडवाच्या आधी पोचतात. आचारी त्यांना मालक समजून मिठाचं विचारतात. त्यांच्या स्वतःच्या लग्नात तर ते वऱ्हाड घेऊन इतक्या सकाळी दारात हजर झाले की सासरे अजून नारळ आणायला बाजारात गेलेले होते आणि सासूबाई अंगण सारवत होत्या. घरात दुसरं माणूस मोकळं नव्हतं. शेवटी सासूबाईंनी जावयाला ओसरीवर बसवलं आणि पुढ्यात सूप दिलं. अक्षतांचे तांदूळ नवरदेवाने स्वतः निवडलेत असं आमच्या सासरच्या घराण्यातलं ते एकमेव लग्न. भाऊंना त्यात आजही वावगं वाटत नाही. "रिकामं बसून काय करनार?" म्हणतात. "आन् खडे लय निघाले व्हते."

हा विषय ते शिकवायला लागले त्याला कारण झालं. शेजारचा एक मुलगा दोन वर्षं अभ्यास करून मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला गेला आणि चार मिनिटं उशिरा पोचला म्हणून फाटकावरूनच परत आला. तो मुलगा तीन दिवस रडला. भाऊ तीन दिवस नीट जेवले नाहीत. "चार मिन्टं, मास्तर," असं ते मला सकाळ-संध्याकाळ येऊन सांगत. चौथ्या दिवशी त्यांनी एका बंद पडलेल्या शाळेतून आठ बाक मिळवून अंगणात टाकले आणि दारावर खडूने लिहिलं, 'परीक्षेची तयारी. पुस्तकं आणू नयेत.'

तेव्हापासून दरवर्षी मार्च-एप्रिलचे सगळे रविवार त्यांच्या अंगणात तयारी चालते. आठपैकी पाच बाक डुगडुगतात. उरलेले तीन भाऊंनी स्वतः पायाखालची लाकडं काढून डुगडुगते केले आहेत. केंद्रावर चांगला बाक मिळेल याची खात्री कुणी दिली आहे, असा त्यांचा प्रश्न आहे. मुलं जुने पेपर सोडवायला बसली की भाऊ पर्यवेक्षक होतात. ते मागून येऊन मानेशी श्वास सोडतात. किल्ल्यांचा जुडगा पाडतात. दुसऱ्या तासाला आतून मिक्सर लावायला सांगतात. एकदा एका मुलीने अगदी गणिताच्या मध्यावर वर पाहिलं, तर भाऊ तिच्या बाकाच्या कडेला बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. "तुजं लक्ष कुटं हाय?" त्यांनी शांतपणे विचारलं. तिचं लक्ष हललं नाही असं झाल्यावरच त्यांनी शेंगा थांबवल्या, आणि त्याला पुढचे तीन रविवार लागले.

उत्तराचे गोल काळे करायची पद्धतही त्यांची आहे. इंजिनात ड्रायव्हर आणि त्याचा सहायक प्रत्येक सिग्नल दिसला की एकमेकांना मोठ्याने सांगतात, तसं मुलांनी एक बोट प्रश्नावर आणि एक गोलावर ठेवून ओठांत पुटपुटायचं: प्रश्न त्रेचाळीस, गोल त्रेचाळीस. एखादी ओळ खाली सरकली तर पुढचे सगळे गोल चुकतात आणि दोन वर्षांचा अभ्यास पाण्यात जातो, म्हणून. लोणावळ्यातली मुलं परीक्षेत पुटपुटतात ही गोष्ट पुण्याच्या केंद्रांवर आता माहीत झाली आहे म्हणे.

दर रविवारी पेपरला बसण्याआधी फाटकाची तालीम. परीक्षेला पूर्ण बाह्या चालत नाहीत, जाड तळव्यांचे बूट चालत नाहीत, अंगावर धातूचं काही चालत नाही. त्यामुळे अंगणाच्या फाटकात मुलींची झडती आमच्या मेहुणीबाई, म्हणजे आक्का, घेतात. यंत्र म्हणून त्यांच्या हातात लाटणं असतं. त्या तोंडाने आवाज वगैरे काढत नाहीत. काही सापडलं की नुसत्या भुवया उडवतात, आणि त्यांच्या भुवईला घाबरून मुली चमकी घरीच काढून ठेवतात. मुलांची झडती भाऊ घेतात. झडतीआधी सगळ्यांनी मोबाइल बंद करून एका खाकी पिशवीत टाकायचे. मुलांना अवघड वाटू नये म्हणून सगळ्यात आधी भाऊ स्वतःचा मोबाइल बंद करून पिशवीत टाकतात. "आदी आपन, मंग पोरं." पिशवीच्या गाठीवर लाख ओततात आणि त्यावर आपल्या जुन्या वर्दीचं बटण दाबून सील करतात. पेपर सुटेपर्यंत ते सील तुटत नाही. एका रविवारी पिशवीत फोन सारखा घणघणत राहिला. एका मुलाने बंद करायचा म्हणून नुसतं बटणावर बोट फिरवलं होतं. त्याची आई दाराशी येऊन उभी राहिली, तरी भाऊंनी पिशवी उघडली नाही.

प्रवासाचीही तालीम असते. दुपारच्या वेळी लोणावळा-पुणे लोकलला मोठा खंड पडतो, रविवारी रुळांची कामं निघतात, हे भाऊंना पाठ. एका रविवारी त्यांनी सगळ्या मुलांना, आणि का कोण जाणे मलाही, सकाळच्या लोकलने नेलं आणि मध्येच बेगडेवाडीला उतरवलं. "गाडी बंद पडली आसं समजा," ते म्हणाले. गाडी आमच्यादेखत वेळेवर सुटली आणि पुण्याकडे निघून गेली. आम्ही मात्र ती बंद पडली असं समजून स्टेशनाबाहेर पडलो, जुना हायवे गाठला आणि हायवेच्या कडेने उलटे सोमाटणे फाट्यापर्यंत चालत गेलो, कारण बस तिथे हमखास थांबते. मे महिना जवळ आला होता. फाट्यावर पोचल्यावर भाऊंनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "आवघा येक तास पाच मिन्टं. पोचतंय मानूस." मी त्या संध्याकाळी हिला सांगितलं की तुझ्या बहिणीच्या नवऱ्याला वेड लागलं आहे. ही म्हणाली, "ते माझ्या लहानपणापासून तसेच आहेत."

पण या सगळ्यांवर कडी म्हणजे नंबर. रेल्वेत म्हणे स्टेशनातल्या मास्तरने फोनवर 'गाडी सोडा' म्हटलं तरी केबिनमनने नुसत्या शब्दावर लिव्हर ओढायची नसते. मास्तर त्याच्याजवळच्या कागदावरचा एक दोन आकडी नंबर सांगतो, केबिनमन तो परत म्हणून दाखवतो, वहीत लिहितो, आणि मगच लाइन क्लिअर होते. एका वर्षी भाऊंचा एक विद्यार्थी एकाच नावाच्या दोन शाळांपैकी चुकीच्या शाळेत जाऊन बसला. त्या वर्षापासून नियम झाला: केंद्राच्या फाटकाशी उभं राहायचं, पाटीवरचं नाव, पत्ता, प्रवेशपत्र सगळं भाऊंना वाचून दाखवायचं, आणि भाऊंनी नंबर दिल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. "पेपर सोपा का आवघड ते द्येवाच्या हातात," भाऊ म्हणत, "फाटक आपल्या हातात." एका मुलाने विचारलं, नंबर मिळालाच नाही तर? भाऊंना हा प्रश्न फार आवडला. त्यांनी सांगितलं की सिग्नल बिघडून तांबडाच राहिला तर गाडी जन्मभर उभी राहत नाही. ड्रायव्हर एक मिनिट थांबतो, शिट्टी देतो आणि बेताबेताने पुढे निघतो. हे चाललं तेव्हा मी अंगणात पेपर वाचत बसलो होतो. असल्या गोष्टी मी कानाआड करत असे.

मनीषा मात्र त्यांचा शब्द न् शब्द टिपून ठेवी. ती खंडाळ्याच्या वरच्या अंगाच्या एका डोंगरवाडीतली. वडील खंडाळ्यातल्या कुणाच्या तरी बंगल्यावर माळी. ती पाऊण तास उतरून खाली यायची आणि पाऊण तास चढून परत जायची. माझ्याकडे फिजिक्सला होती. तिच्यासारखी मुलगी एकतीस वर्षांत मला एखाद-दुसरीच मिळाली, हे मी तिला कधी सांगितलं नाही; शिक्षकाने असं तोंडावर सांगू नये अशी माझी समजूत होती. आदल्या वर्षी ती परीक्षेला बसून थोडक्यात हुकली होती. वडिलांनी आणखी एक वर्ष दिलं होतं. या खेपेला नाही झालं तर सासरची माणसं तयार होती. हे तिने मला सांगितलं नाही, भाऊंना सांगितलं, आणि भाऊंनी मला सांगताना खाली बघत सांगितलं.

परीक्षेची प्रवेशपत्रं आली तेव्हा घोटाळा कळला. भाऊंच्या आठ मुलांना पुण्यातलं एकच केंद्र आलं आणि एकट्या मनीषाला चिंचवडकडचं. भाऊंनी रात्रभर येरझारा घातल्याचं आक्का सांगतात. सकाळी ते माझ्याकडे आले.

"मास्तर, येक काम व्हतं. पोरीबरूबर जाल का?"

"जातो की. काय करायचं?"

"काय बी करायचं न्हाई," ते घाईने म्हणाले. "तुमी नुस्तं बरूबर ऱ्हायचं. येक वाजता ती मला फोन करंल. मी नंबर दीन. ती आत जाईल. तुमी फकस्त मधी बोलू नका."

आम्ही सकाळी साडेनऊला केंद्रावर पोचलो. दीडला फाटक बंद होणार होतं. साडेतीन तास आम्ही समोरच्या लिंबाखाली बसलो. मी तिला प्रकाशाचं अपवर्तन एकदा बघून घेतेस का असं विचारलं. "भाऊंनी आज पुस्तक न्हाई म्हनलंय," ती म्हणाली. बरोबर एकच्या ठोक्याला ती फाटकाशी उभी राहिली, पाटी डोळ्यांखालून घातली आणि फोन लावला. भाऊंचा फोन बंद होता.

तिने पुन्हा लावला. बंद. मी माझ्या फोनवरून लावला. बंद. बाकीच्या आठ मुलांचे लावले, सगळे बंद. ते तर असणारच होते. एक वाजून दहा मिनिटं झाली. रांग सरकत होती, मुलंमुली आत जात होती. मी म्हणालो, "तू हो पुढे, त्यांना मी सांगतो." ती म्हणाली, "सर, लाइन क्लिअर न्हाई." मी म्हणालो, पाटी बरोबर आहे, पत्ता बरोबर आहे, मी स्वतः वाचला आहे, मी एकतीस वर्षं शिक्षक आहे. ती मान खाली घालून उभी राहिली. मी तिला एक खोटा नंबर सांगितला. छप्पन्न. तिने माझ्याकडे असं बघितलं की तो नंबर मी लगेच मागे घेतला.

एक वीसला तिने पुन्हा एकदा फोन लावून पाहिला. "नंबर द्यायच्या येळंला भाऊ फोन बंद ठेवनार न्हाईत," ती म्हणाली. "त्यास्नी काय झालं आसंल तर? मी आत जाऊन तीन तास काय लिव्हनार सर?" तेव्हा मला कळलं की हा हट्ट नव्हता. वाडीतून खाली उतरल्यापासून तिच्या मागे उभा राहिलेला एकच माणूस होता आणि तोच नेमका आज लागत नव्हता. फाटकावरच्या शिपायाने शेवटची पाच मिनिटं असं ओरडून सांगितलं. माझा तोल गेला. मी आयुष्यात विद्यार्थिनीवर ओरडलो नव्हतो, तो ओरडलो. "अगं, रेल्वेतसुद्धा सिग्नल बिघडतात. तेव्हा काय गाड्या उभ्या राहून गंजतात का?"

तिने मान वर केली. डोळे पुसले. "न्हाई," ती म्हणाली. "येक मिनिट थांबायचं. शिट्टी द्यायची. मंग बेतानं जायचं." आणि तिने माझा हात धरून माझं घड्याळ स्वतःकडे वळवलं, कारण तिला घड्याळ घालायची परवानगी नव्हती.

कालमापन हा धडा मी एकतीस वर्षं शिकवला. मिनिट एवढं लांब असतं हे त्यात कुठेही दिलेलं नाही. एक सत्तावीसचा काटा पुरा फिरला. "सर, शिट्टी," ती म्हणाली. मी म्हणालो, "तू वाजव." ती म्हणाली, "मला येत न्हाई." मी शेवटची शिट्टी वाजवली होती तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं. पहिल्या खेपेला नुसती हवा आली. दुसऱ्या खेपेला थोडी थुंकी आली. आजूबाजूचे पालक बघायला लागले. एका बाईंनी आपल्या मुलीला माझ्यापासून पलीकडच्या बाजूला घेतलं. बंदोबस्ताचा हवालदार माझ्या दिशेने दोन पावलं चालून आला. तिसऱ्या खेपेला वाजली. चांगली खणखणीत वाजली. मनीषाने फोन बंद करून माझ्या हातात दिला आणि ती निघाली. नियमात बेताबेताने असं होतं, म्हणून ती बेताबेताने गेली. शिपाई फाटक लोटत होता, चला चला म्हणत होता, आणि ही पोरगी डावीउजवीकडे बघत एकेक पाऊल टाकत आत गेली. तिच्या पाठीमागे कडी लागली तेव्हा एक एकोणतीस झाले होते. मी तिथेच फूटपाथवर बसलो.

एक छत्तीसला माझा फोन वाजला. भाऊ होते.

"ती कुटंय?"

"आत आहे."

मग त्यांनी विचारलं, "नंबर कुनी दिला?"

"कुणीच नाही. एक मिनिट थांबली, मी शिट्टी दिली, गेली."

"बेतानं गेली का?"

"फारच बेताने गेली."

"बराबर हाय," भाऊ म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.

झालं होतं ते एवढंच. त्यांच्या केंद्रावर आठ मुलांचे फोन घेताना, इतक्या रविवारच्या सवयीने, भाऊंनी सगळ्यात आधी स्वतःचा फोन बंद करून पिशवीत टाकला होता. लाख ओतली, बटण दाबलं, मुलं आत गेली. एक वाजता खिशात हात घातला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. तालमीत सगळी मुलं एकाच फाटकात असायची, फोन यायचा प्रश्नच नसायचा. पिशवी त्यांच्या मांडीवर होती. मनीषाचा किंवा माझा फोन नंबर त्यांना पाठ नव्हता, तोही पिशवीतल्या फोनातच होता. त्यांना फक्त सील तोडायचं होतं. केबिनमध्ये आणीबाणीची एक किल्ली सीलबंद असायची. पस्तीस वर्षांत भाऊंनी ते सील तोडलं नव्हतं. अर्धा तास ते त्या पिशवीकडे बघत बसले. "दीड वाजला," त्यांनी मला नंतर सांगितलं. "फाटक लागलं. मंग म्हनलं, आता न्येम कुनासाठी पाळायचा? तोडलं." मला तेव्हा त्यांचा खूप राग यायला हवा होता. मला त्यांच्या मांडीवरची पिशवी दिसत राहिली.

घरी आल्यावर भाऊंनी दारावरची खडूची पाटी पुसून टाकली. केबिनमनकडून चूक झाली की त्याला आधी लिव्हरवरून उठवतात, चौकशी मागाहून होते. इथे चौकशी करायला कुणी नव्हतं म्हणून त्यांनी स्वतःच स्वतःला उठवलं. दीड महिना ते वेळेवर कुठे गेले नाहीत, कारण कुठे गेलेच नाहीत. मग निकाल लागला. मनीषाला विदर्भातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात जागा मिळाली. ती आणि तिचे वडील पेढे घेऊन आले. वडील दारातच थांबले होते. भाऊ आतल्या खोलीतून बाहेर येईनात. मनीषा सरळ आत गेली आणि म्हणाली, "भाऊ, सिग्नल बिघडला व्हता. न्येम तुमचाच व्हता ना? त्याच्यावरच गेले मी." आक्का सांगतात, भाऊंनी पेढा हातात धरला आणि तो तसाच वितळेपर्यंत धरून ठेवला. पुढच्या मार्चला बाक पुन्हा अंगणात आले. पिशवीवर आता सुतळीची साधी गाठ असते.

मनीषा कॉलेजात गेल्यापासून प्रत्येक पेपराआधी भाऊंना फोन करते आणि नंबर घेते. भाऊ तिच्या वेळापत्रकाचा कागद देवघरात ठेवतात. परवा-परवापर्यंत मला वाटत होतं की यामागे काहीतरी जुनं दुखणं असणार. बारावीनंतर भाऊ स्वतः पुण्याला एका कॉलेजच्या प्रवेश परीक्षेला गेले होते एवढं मला ठाऊक होतं, आणि ते उशिरा पोचले असणार, त्यावरून सगळं आयुष्य बदललं असणार, असा मी मनाशी हिशेब जुळवून टाकला होता.

गेल्या महिन्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, तळेगावला. बारा वाजताची वेळ दिली होती. आम्ही सव्वाआठला पोचलो. दवाखान्याचा झाडूवाला कुलूप काढत होता. बाकड्यावर बसल्या बसल्या मी त्यांना विचारलं, "भाऊ, तुमच्या त्या परीक्षेला तुम्हाला उशीर झाला होता का हो?"

त्यांनी माझ्याकडे आश्चर्याने बघितलं. "मला? दोन तास आदी गेलतो की मी. पैला नंबर माजाच व्हता फाटकात."

"मग?"

"मंग काय. तीन तास बसलो. येक बी उत्तर येत नव्हतं." ते थोडं हसले. "म्हनून तर ते मी शिकवत न्हाई, मास्तर. त्ये तुमचं काम. मला पोचता येतं, ते मी शिकवतो." मग म्हणाले, "तुमी शिकवलेलं नसतं तर पोचून तरी पोरीनं काय केलं आसतं? माज्यासारखीच बसली आसती की." एकतीस वर्षांत माझ्या कामाचं असं कौतुक कुणी केलं नव्हतं. मी चष्मा पुसत बसलो.

बारा वाजता नर्स बोलवायला आली. भाऊंच्या अंगात हिरवा झगा, डोळ्यात औषधं घालून झालेली, समोरचं धड दिसत नव्हतं. ते उठेनात. "लाइन क्लिअर न्हाई," ते म्हणाले. मी मनीषाला फोन लावला. बंद होता, तिची प्रॅक्टिकलची परीक्षा चालू होती आणि ते भाऊंना माझ्याआधी ठाऊक होतं. नर्स म्हणाली, "आजोबा, चला, डॉक्टर थांबलेत." भाऊ म्हणाले, "येक मिनिट." नर्सला वाटलं ते नुसतंच म्हणाले. मी घड्याळ धरलं. मिनिट झालं तसं भाऊंनी माझ्या दिशेला तोंड वळवलं. घाबरले होते ते. पस्तीस वर्षं घाटात लांबलांब गाड्या सोडणारा माणूस, एवढ्याशा डोळ्यासाठी घाबरला होता.

मी शिट्टी वाजवली. या खेपेला पहिल्याच फुंकरीला वाजली. दवाखान्यातली सगळी माणसं वळून बघायला लागली, त्याचं मला काही वाटलं नाही. भाऊ उठले आणि नर्सचा हात धरून बेताबेताने आत गेले.

वीस मिनिटांनी मनीषाचा फोन आला. "सर, भाऊ?"

"आत गेले. शिट्टीवर गेले."

मग म्हणाली, "चौतीस. लिव्हून घ्या सर. आत शिट्टीवर गेले, बाहेर तरी नंबरावर येऊ द्या."

जवळ कागद नव्हता. मी तो तळहातावर लिहिला, परत म्हणून दाखवला, आणि दार उघडायची वाट बघत बाकड्यावर बसून राहिलो.